न घेतलेली सही

जेवणाच्या टेबलावर कुणाची तरी जात काढली गेली, तेव्हा तुमचा हात कुठे होता? वाटीकडे गेला होता, की पाण्याच्या ग्लासाकडे? टोमणा म्हणून विचारत नाही. हा प्रश्न विचारणं हेच माझं काम आहे. एकदा तो ज्या बाईला विचारायचा तिला मी विचारला, तिने खरं उत्तर दिलं, आणि तरीही मी हरले.

श्पार्गेलचे दिवस परत आलेत. एप्रिल अर्धा सरला की ब्राउनश्वाइगच्या आसपास सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. आत ओल्या फडक्याखाली पांढऱ्या शतावरीच्या, म्हणजेच श्पार्गेलच्या, जुड्या. समोर शिस्तीत उभे म्हातारे नवरा-बायको, हातात वेताची टोपली. ऑफिसला जाताना ट्रेनमधून मोहरीसारखी पिवळी शेतं दिसतात आणि मध्येच काळ्या प्लास्टिकने झाकलेले मातीचे लांबच लांब वरंबे. कोंबाला ऊन लागू नये म्हणून ती माती, ते प्लास्टिक. ऊन लागलं की रंग चढतो, आणि रंग चढलेली भाजी इथल्या लोकांना चालत नाही. वरंब्यांवर वाकलेल्या पाठी रुमानियाहून आलेल्या मजुरांच्या. चोवीस जूनला काढणी थांबते. दोन महिने आणि वर थोडे दिवस, एवढाच हंगाम.

मला ही भाजी आवडायची. आता टपरी दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून चालते.

मी इथून जवळच्याच एका शहराच्या भेदभावविरोधी कार्यालयात काम करते. अकोल्यात आई सगळ्यांना सांगते, मुलगी जर्मनीत सरकारी वकील आहे. तसं ते नाही. पुण्यात कायदा शिकले, इथे येऊन आणखी शिकले, तरी इथल्या कोर्टात काळा झगा घालायचा अधिकार मला नाही. घर असो, नोकरी असो, डिस्कोचं दार असो, कुणाला वंशावरून, धर्मावरून, अपंगत्वावरून परत पाठवलं की ते माणूस आमच्याकडे येतं. आम्ही कागद जमवतो, पत्रं लिहितो. प्रकरण छोट्या कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी परवानगी दिली, तर तक्रारदाराच्या शेजारी बसून बोलतोही. अशा माणसाला इथे बाइश्टांड म्हणतात, सोबतीला उभा राहणारा. या शब्दावर माझा जीव होता.

माझे बाबा दिवसा वीज मंडळात कारकून आणि संध्याकाळी पत्रकं काढणारे. आमच्या घरी सतरंजीवर गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे असत आणि जेवताना हाताला शाईचा वास येई. बालभारतीच्या आधी मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. पत्रकात ‘कदाचित’ नसतं, ‘बहुधा’ नसतं. खरं आहे ते ठणकावून लिहायचं, चौकात वाटायचं, संपलं. त्यामुळे खरं असणं पुरेसं असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

त्या समजुतीला पहिला धक्का दिला तो हाइकेने. माझी सहकारी, निवृत्तीला आलेली, हिरव्या फ्रेमचा चष्मा, टेबलावर निवडुंगाच्या सात कुंड्या. पहिल्याच आठवड्यात तिने मला एक कोरा फॉर्म दाखवला. एकच पान. काय ऐकलं, कुणाच्या तोंडून, नेमक्या कोणत्या शब्दांत, कुठे, केव्हा, आणखी कोण होतं. खाली सही. आठवणीची नोंद म्हणतात त्याला. माणूस ज्या दिवशी बोलतं त्याच दिवशी ती लिहून घ्यायची, हा आमच्याकडचा नियम.

“आल्झो, तर मग,” हाइके म्हणाली, “आधी कागद, मग कळवळा.”

मला ती तेव्हा कोरडी वाटली होती.

*

प्रज्ञा आमच्या ऑफिसात आली तो दिवस असाच होता. खिडकीबाहेर चेस्टनटला पांढरे तुरे आलेले, कॉरिडॉरमध्ये फरशी पुसल्याचा लिंबासारखा वास. तिच्या हातात फाइल होती आणि फाइलला रंगीत खुणा लावलेल्या. गाडीच्या ब्रेकवर काम करणारी इंजिनिअर, सगळं मोजूनमापून. बोलायला लागली तेव्हा मात्र तिने फाइल उघडलीच नाही.

नवरा आणि सहा वर्षांची मुलगी पुण्यात. त्यांना इथे आणायचं तर व्हिसाच्या कागदांत पुरेशा मोठ्या घराचा भाडेकरार हवा. घर नाही तर व्हिसा नाही. मुलीला ऑगस्टमध्ये इथे पहिलीत बसवायचं होतं. सात महिने शोधून तिला एक घर मिळालं, तेही मराठी माणसाचं. वीस वर्षं इथे राहिलेले, मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर, इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. स्वतः दुसऱ्या गावात राहतात, हे घर भाड्यानेच द्यायचं.

“फोनवर किती गोड बोलले हो,” प्रज्ञा म्हणाली. “म्हणाले, आपल्या मराठी माणसाला मिळालं तर बरंच आहे. शनिवारी चावी देतो म्हणाले.”

“मग?”

“मग चौदा एप्रिल आला ना, मॅडम.”

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती, पण सांगणं तिचा हक्क होता आणि ऐकणं माझं काम. विद्यार्थी वसतिगृहाच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला. ती पांढरी साडी नेसून माइकवर बोलली. फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, सॉरी, घर नात्यातल्या एकाला दिलं. नऊ दिवसांनी वेबसाइटवर तीच जाहिरात, तेच फोटो, तेच स्वयंपाकघर.

“माझा नवरा म्हणतो, सोड, दुसरं बघ,” ती म्हणाली. “मी त्याला म्हटलं, तिकडे सोडलं म्हणून तर इकडे आले. आता इकडचं सोडून कुठे जाऊ?”

मी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. मेसेजची प्रत, त्यावर सही. जाहिरातीची प्रत, त्यावर सही. आठवणीची नोंद, सही. तीन सह्या घेतल्या. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

मग फाइल बंद करता करता म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. मेधावहिनी भेटल्या होत्या. श्पार्गेलच्या टपरीवर.”

*

मेधावहिनींना इकडची सगळी मराठी कुटुंबं ओळखतात. पन्नाशीच्या, शनिवारी मुलांना मराठी शिकवणाऱ्या, कुणी आजारी पडलं की डबा घेऊन हजर. त्यांचे यजमान आणि भाऊसाहेब एकाच विभागात, सुट्टीला दोन्ही घरं एकत्र जातात. त्या टपरीवर त्यांनी प्रज्ञाचा हात धरून सांगितलं होतं, तुला घर का नाकारलं ते मला माहीत आहे, मी तिथे होते.

मी त्यांना फोन केला. “अगं, ये ना घरी,” त्या म्हणाल्या. “फोनवर काय बोलायचं असलं.”

त्यांचं स्वयंपाकघर मला अजून रेषेरेषेने आठवतं. ओट्यावर शतावरीची साल, लांब, पारदर्शक, रिबिनीसारखी. कढईत हिंगाची फोडणी. श्पार्गेलची आमटी करत होत्या, शेवग्याच्या शेंगांची करतात तशी, गूळ आणि गोडा मसाला घालून. त्यांची मुलगी पाण्याची बाटली भरायला आली. “ताईला नमस्कार कर,” म्हणाल्या. मुलगी “हालो” म्हणाली आणि गेली. “समजतं सगळं,” वहिनी म्हणाल्या, “उत्तर तेवढं जर्मनमध्ये येतं.”

आणि मग, सोलता सोलता, मान वर न करता, त्यांनी सांगितलं. भाऊसाहेबांकडे जेवण होतं, हंगामातलं पहिलं श्पार्गेल. तिथे ते म्हणाले होते, मुलगी हुशार आहे, नोकरी चांगली आहे, सगळं खरं, पण ती त्यांच्यातली निघाली. वास्तुशांत करून घेतलेलं घर आहे आपलं. आपल्यातली असती तर प्रश्नच नव्हता.

“कुणी काही बोललं नाही?” मी विचारलं.

“कोण बोलणार? सगळे ओळखीचे.” सोलाणं थांबलं. “आणि मी, अगं, मी त्यांना सॉस वाढला. तेवढ्यात त्यांनी ताट पुढे केलं, मी वाढला. रात्रभर तेच आठवत होतं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, आजही मी म्हणेन.

“कोर्टात सांगाल?”

“सांगेन की. त्यात काय. खरं तेच सांगायचंय ना.”

माझ्या बॅगेत फॉर्म होता. हात घातला होता मी बॅगेत, कागदाची कड बोटांना लागली होती. पण त्यांनी चहा पुढे केला, वरून म्हणाल्या, “किती वाळलीस गं, जेवूनच जा.” आणि माझ्या तोंडून काही ‘वहिनी, इथे सही करा’ निघालं नाही. घरच्यासारखं माणूस, डोळ्यांत पाणी, आणि मी समोर सरकारी फॉर्म ठेवायचा? त्यांना काय वाटेल? विश्वास नाही असं नाही का होणार?

मी जेवले. आमटी चांगली झाली होती. निघताना त्यांनी डबाही दिला.

*

इथल्या कायद्यात दोन महिन्यांची मुदत असते. भेदभाव झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत लेखी मागणी केली नाही तर हक्क संपतो. आमचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने गेलं, मुदतीत. लिंडनच्या झाडांना फुलं आली होती, सगळ्या गावाला मधाचा वास. मी पोस्टाची पावती फाइलमध्ये लावली आणि मला वाटलं, झालं, आता खरं आपल्या बाजूने आहे. मला त्या दिवसांतला माझा आनंद आठवला की अंगावर काटा येतो.

ऑगस्ट आला. इथल्या पहिलीतल्या मुलांना पहिल्या दिवशी खाऊ भरलेला रंगीत कागदी कोन देतात, जवळजवळ मुलाच्याच उंचीचा. प्रज्ञाने आधीच आणून ठेवला होता. तो तिच्या भाड्याच्या खोलीत कपाटावर पडून राहिला.

खटला नोव्हेंबरात उभा राहिला. खोली लहान, दूध सांडल्यासारखं धुकं खिडकीला चिकटलेलं. न्यायाधीश एक बाई, माझ्या आईच्या वयाच्या. मला धास्ती होती ती एकाच प्रश्नाची, आणि त्यांनी सुरुवातच तिथून केली. दोघेही भारतीय, दोघांचं राज्य एक, भाषा एक. मग भेद कसला?

कायद्याच्या यादीत वंश आहे, धर्म आहे, जात हा शब्द नाही. मी त्यांना समजावलं. जन्माने चिकटते, बदलता येत नाही, धर्म बदलला तरी लोक विसरत नाहीत, देश बदलला तरी सामानाबरोबर येते. उठबस कुणाशी, लग्न कुणाशी, घर कुणाला, ते तिच्यावर ठरतं. फार तर दहा मिनिटं बोलले असेन. त्या लिहून घेत होत्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, समजलं मला. हे वंशात बसू शकतं. आता मला एवढंच सांगा, हे वाक्य बोललं गेलं होतं का?

एका परक्या बाईला आमची हजारो वर्षं दहा मिनिटांत समजली. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मेधावहिनींना आत बोलावलं. फिकट निळा कोट, केस नीट बांधलेले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या जेवणाबद्दल विचारल्यावर शांतपणे, चांगल्या जर्मनमध्ये म्हणाल्या, जेवण झालं होतं, हो. घराचा विषय निघाला असेल. नेमकं काय बोलणं झालं ते आठवत नाही.

मी परवानगी मागून विचारलं, तुम्ही मे महिन्यात तुमच्या घरी मला हे वाक्य सांगितलं होतं, ते आठवतं का?

“आपण चहा घेतला होता,” त्या म्हणाल्या. जर्मनमध्येच. परक्या माणसाला बोलतात तसं मला ‘झी’ म्हणत. “आपल्याकडच्या भाज्यांबद्दल बोललो.”

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. लेखी काही आहे?

नव्हतं. मी ऐकलेलं सांगू शकत होते, पण ते दुसऱ्याच्या तोंडचं, तेही तक्रारदाराच्या शेजारी बसणाऱ्या बाईने सांगितलेलं, आणि जिच्या तोंडचं तीच समोर बसून नाही म्हणत होती. जाहिरात परत का लागली, यावर भाऊसाहेबांकडे उत्तर होतं, नातलगाचं येणं रद्द झालं. नातलगाचा ईमेलही होता. बाकी उरलं काय?

बाहेर कॉरिडॉरमध्ये भाऊसाहेब माझ्यापाशी आले. आवाज अगदी मायेचा. “तुम्ही शिकलेल्या आहात. आपलीच माणसं आपण. बसून मिटवलं असतं. इथल्या लोकांसमोर आपली शोभा कशाला?”

एप्रिलमध्ये प्रज्ञा आपल्यातली नव्हती. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही सगळे आपलेच झालो होतो. मला बोलायचं होतं, पत्रकातलं प्रत्येक वाक्य घशाशी आलं होतं. पण प्रज्ञाने माझी बाही ओढली.

दावा फेटाळला.

*

हाइकेने निकाल वाचला, चष्मा काढला. “साक्षीदाराची नोंद का नाही फाइलमध्ये?” तिने विचारलं. मी काय सांगणार होते? की आमच्याकडे वयाने मोठ्या बाईकडून सही मागत नाहीत? की तिने जेवू घातलं होतं? ती रागावली नाही. कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “कायदा शिकवला तुला, पण लाज नाही सोडवू शकलो.” एवढंच बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

पण खरं जे लागलं ते प्रज्ञाचं. ती कागद परत न्यायला आली होती. इंगोलश्टाटमध्ये नोकरी मिळाली होती तिला, कंपनीच्या ओळखीने घरही. मुलगी येणार होती, एक वर्ष उशिरा. प्रज्ञाने फाइल उघडली, पानं चाळली आणि माझ्यासमोर ठेवली.

“मॅडम, ही माझी सही,” ती म्हणाली. “ही पण माझी. ही पण. तीन वेळा घेतलीत. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, नियम आहे म्हणून, असं तुम्हीच म्हणालात.”

“हो.”

“मग तो नियम त्यांना का नाही लावला?”

मी फाइलमधली पानं सरळ करायला लागले.

“मी सांगू का? माझ्यावर अन्याय झाला, म्हणून पुरावा मी द्यायचा. त्यांनी नुसते डोळे पुसले, तर तुम्ही डबा घेऊन आलात.” तिने आवाज चढवला नव्हता. “तुम्हीही आमच्यातल्याच ना, मॅडम? म्हणून जास्त वाईट वाटलं.”

आमच्यातल्याच. ज्या घरात सतरंजीवर पत्रकं वाळत होती त्या घरातली मी. आणि मोठ्या घरातल्या बाईने प्रेमाने जेवायला बसवलं तर माझा हात बॅगेतून रिकामा बाहेर आला. तो आदर नव्हता. वाढलेलं ताट मिळाल्याची ती जुनी कृतज्ञता होती. माझ्या आजीच्या पाठीतून, आईच्या पाठीतून माझ्या पाठीत उतरलेली. मला ती नाहीच, अशी माझी खात्री होती, म्हणून तर मी तिला ओळखू शकले नाही. मेधावहिनींनी मला फसवलं असं मी काही दिवस म्हणत राहिले. ते सोयीचं होतं. त्या मे महिन्यात खरं बोलत होत्या आणि सही करायलाही तयार झाल्या असत्या, त्या दुपारी, त्या ओट्याशी. त्यांना धीर होता तो तेवढ्या एका दुपारपुरता. तो कागदावर उतरवणं माझं काम होतं, आणि मी जेवत बसले.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात त्या लांबून दिसल्या. लहान मुलांना ओळीत उभं करत होत्या, एकाच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होत्या. माझ्याकडे पाहून हसल्या, नेहमीसारख्याच. मीही हसले. हे लिहितानाही ते हसू माझ्या तोंडावरून पुसलं जात नाही.

पहिल्या रांगेत भाऊसाहेब होते. त्या घरात सध्या नाशिककडचं एक कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत म्हणतात.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते भाषणाचं नाही. निषेध करा, भांडा, ताटावरून उठा, असं मी म्हणत नाही. तुम्ही उठणार नाही हे मला माहीत आहे, मीही उठले नव्हते. पण असं वाक्य तुमच्या कानांवर पडेल, पुण्यात, इथे, कुठेही, तेव्हा घरी गेल्यावर त्याच दिवशी एक कागद घ्या. वाक्य जसंच्या तसं लिहा. कोण बोललं, कुठे, कोण कोण ऐकत होतं ते लिहा. तुम्ही स्वतः त्या वेळी काय करत होता तेही लिहा. खाली तुमचं पूर्ण नाव घाला, तारीख घाला, सही करा. आणि ज्या माणसाबद्दल ते बोललं गेलं त्याच्या हातात तो कागद नेऊन द्या. तो मागेल याची वाट पाहू नका. त्याला मागावं लागता कामा नये.